पोथीतली तारीख आणि पोथीतला आत्माराम

‘रामविजय’ ग्रंथाच्या चाळिसाव्या अध्यायाच्या अखेरीस श्रीधरस्वामी नाझरेकरांनी ग्रंथ कधी आणि कुठे पुरा झाला याची नोंद करून ठेवली आहे. शके 1625, सुभानू संवत्सर, श्रावण महिना, भानुसप्तमी, ठिकाण पंढरपूर. रविवारी येणाऱ्या सप्तमीला भानुसप्तमी म्हणतात. म्हणजे कवीने तिथीसोबत वारही सांगितला आहे, आणि वार सांगितला की नोंद तपासता येते. शके 1625चा श्रावण इसवी सन 1703 मध्ये पडतो. चांद्रमासाचे गणित मागे नेले तर अमावास्या 12 ऑगस्टच्या सुमारास आणि शुद्ध सप्तमी 19 ऑगस्टला येते. त्या दिवशी रविवारच होता. संवत्सराचे नावही साठ वर्षांच्या चक्रात नेमके बसते: 2003 साली पुन्हा सुभानूच होते. तीनशे वर्षांत किती नकलाकारांच्या हातांखालून गेलेली ही ओवी, पण तिच्यातली तारीख शाबूत राहिली आहे.

ही तपासणी इथे मांडण्याचे कारण आहे. ज्या ग्रंथाची कालनोंद इतकी चोख, त्याच्याच श्रोत्यांना पिढ्यान्‌पिढ्या असेही सांगितले गेले की ही कथा आपल्या आत घडते आहे. राम म्हणजे आत्माराम, लंका म्हणजे देह, रावण म्हणजे अहंकार. टेंभुर्णीला पुणे-सोलापूर महामार्ग सोडून पंढरपूरचा रस्ता धरला की चाळीसेक किलोमीटरवर श्रीधरस्वामींनी ही पोथी पुरी केली ते गाव लागते. त्यांचे नाझरे तिथून पुढे, सांगोला तालुक्यात. या सगळ्या पट्ट्यात चातुर्मासात देवळात पोथी लावतात. एकजण ओवी वाचतो, दुसरा अर्थ सांगतो. अर्थ सांगणारा मधूनच कथा सोडून अंतःकरणाकडे वळतो, आणि ऐकणाऱ्या कुणाला त्यात काही वावगे वाटत नाही. असा अर्थ लावण्याची वाट कुठून आली, आणि ज्यांनी ती पाडली त्यांना कथा खोटी ठरवायची होती का, हा इथला प्रश्न आहे. उत्तर ग्रंथांच्या समाप्तीच्या ओव्या, प्रस्तावना आणि प्रवचनांच्या तारखा यांतूनच शोधायचे आहे.

आधी श्रीधरांचेच दप्तर पाहू. ‘हरिविजय’ शके 1624चा, म्हणजे 1702चा. ‘रामविजय’ त्याच्या पुढच्या वर्षाचा. ‘पांडवप्रताप’ शके 1634चा. ‘शिवलीलामृत’ बारामतीत शके 1640, विलंबी संवत्सर, फाल्गुन पौर्णिमा, रविवार या दिवशी संपले. या शेवटच्या ग्रंथाचे साल अनेक पुस्तकांत 1718 असे छापलेले आढळते. शकात 78 मिळवले की इसवी सन येतो, हा ठोकताळा चैत्रापासून मार्गशीर्षापर्यंत चालतो; माघ-फाल्गुनात 79 मिळवावे लागतात. शके 1640चा फाल्गुन 1719 मध्येच येतो, आणि पौर्णिमा 5 मार्च 1719ला. तो दिवस रविवारच निघतो. होळीच्या दिवशी ग्रंथ हातावेगळा झाला.

36 अध्यायांचा हरिविजय, 40 अध्यायांचा रामविजय आणि 64 अध्यायांचा पांडवप्रताप वाचताना जाणवते ते असे की श्रीधर कथेत रमणारा कवी आहे. प्रसंग रंगवावा, उपमांची रास घालावी, वीर-करुण-हास्य आळीपाळीने खेळवावेत, हा त्यांचा हातखंडा. वेदान्त त्यांना परका नव्हता. अधूनमधून ते तिकडे वळतात, पण वेदान्त सविस्तर सांगायचा तेव्हा त्यांनी ‘वेदान्तसूर्य’ हा निराळा ग्रंथ लिहिला. कथेचा प्रत्येक माणूस मनाच्या एकेका वृत्तीशी जोडून देण्याचे काम त्यांच्या शंभर-सव्वाशे वर्षे आधी पैठणात झाले होते.

संत एकनाथांच्या नोंदी श्रीधरांइतक्याच काटेकोर आहेत. ‘रुक्मिणीस्वयंवर’ शके 1493, प्रजापती संवत्सर, रामनवमीला वाराणसीत पुरे झाले. म्हणजे 1571च्या चैत्रात. भागवताच्या एकादश स्कंधावरची टीका, आपले ‘एकनाथी भागवत’, तेही वाराणसीतच, शके 1495, श्रीमुख संवत्सर, कार्तिकी पौर्णिमा, सोमवारी. युरोपात तेव्हा जुने जूलियन पंचांग चालू होते. त्यानुसार ही तारीख 9 नोव्हेंबर 1573 येते, आणि वार सोमवारच. त्यांचे निर्वाण परंपरेने शके 1521, फाल्गुन वद्य षष्ठी मानतात. इथेही बहुतेक ठिकाणी 1599 लिहिलेले असते. शक तोच धरला तर महिना फाल्गुन असल्याने साल 1600 धरावे लागेल.

रुक्मिणीस्वयंवर हे आपल्या प्रश्नासाठी चांगले उदाहरण आहे. वरवर ते लग्नाचे काव्य आहे. विदर्भाची राजकन्या, तिने धाडलेले पत्र, अंबिकेच्या देवळातून हरण, रुक्मीशी लढाई, वऱ्हाडी, रुखवत, मानपान; अठरा अध्यायांत सोळाव्या शतकातले मराठी लग्नघर उभे राहते. त्याच वेळी हे जीव आणि शिव यांच्या ऐक्याचे रूपक आहे, आणि ते वाचकाने अंदाजाने ओळखावे असे ठेवलेले नाही. नाथ विधी सांगता सांगताच त्याचा आतला अर्थ उलगडत जातात. मराठी घरांनी मात्र या ग्रंथाचा तिसराच उपयोग शोधला: मुलीचे लग्न जमावे म्हणून त्याची पारायणे होऊ लागली, आणि आजही होतात. जीव-शिवाच्या लग्नाची पोथी वाचून आई लेकीच्या सोयरिकीची वाट पाहते. पंडिताला हा अर्थाचा अनर्थ वाटेल, पण ग्रंथाच्या रचनेत याला मनाई नाही. लग्न लग्न म्हणूनच रंगवले आहे, तेव्हा ते लग्नासाठी वाचले जाणारच.

‘भावार्थ रामायणा’त नाथांनी पुढचे पाऊल टाकले. हा त्यांचा अखेरचा ग्रंथ. 40,000 ओव्यांच्या घरातला हा पसारा त्यांच्या हातून पुरा झाला नाही. युद्धकांडाच्या चव्वेचाळीस अध्यायांपर्यंत त्यांचे लेखन, पुढचे शिष्य गावबाने पूर्ण केले अशी परंपरा आहे. त्यामुळे रुक्मिणीस्वयंवरासारखी समाप्तीची तारीख नाथांच्या हातची इथे मिळत नाही. मिळते ती अर्थाची किल्ली, आणि ती बालकांडाच्या आरंभीच दिलेली आहे. दशरथ म्हणजे दहा इंद्रियांशी जोडलेला जीव. कौसल्या ही सद्विद्या, सुमित्रा ही शुद्ध मेधा, कैकेयी ही अविद्या, आणि अविद्येच्या कानाशी लागणारी मंथरा ही कुविद्या. लक्ष्मण आत्मप्रबोध, भरत भावार्थ, शत्रुघ्न निजनिर्धार, आणि राम पूर्ण आनंद. ग्रंथाचे नाव भावार्थ, आणि भावार्थाचीच भूमिका भरताला दिली आहे. हा योगायोग नसावा.

ही यादी सावकाश वाचली तर तिच्यातली घरगुती जाण लक्षात येते. या यादीत नाथ कैकेयीला दुष्ट म्हणत नाहीत. ती अविद्या आहे, आणि अविद्या त्याच घरात राहते. सद्विद्या, शुद्ध बुद्धी आणि अज्ञान या तिघी एकाच राजाच्या राण्या. बाहेरून कुणी शत्रू आला म्हणून आनंद घराबाहेर गेला नाही. घरातल्याच एकीने, तेही दुसरीचे ऐकून, त्याला वनात धाडले. इंद्रियांचा धनी दशरथ दिलेल्या शब्दात अडकून हतबल होतो, आणि आनंद गेल्यावर जगत नाही. मनाच्या व्यवहाराचे हे वर्णन आजच्या मानसशास्त्राला दाखवले तरी ते मान वर करून पाहील. त्यासाठी नाथांना कथेतला हा प्रसंग वाकवावा लागला नाही.

अशा वाचनाचा उगम नाथांपाशी नाही. संस्कृतात ‘अध्यात्म रामायण’ आधीपासून होते, आणि ते नाथांच्या डोळ्यांसमोर असणार हे उघड आहे. नाथांचे स्वतःचे म्हणावे असे काही असेल तर ते हे की, त्यांनी ही दृष्टी ओवीत, बाजारात, वेशीवर आणली. त्यांची भारुडे पाहा. विंचू चावल्याचा आकांत करणारी बाई प्रत्यक्षात काम-क्रोधाच्या दंशाने तळमळते आहे, आणि उतारा सत्त्वगुणाचा आहे. पंढरीच्या वाटेवर आणि गावच्या सप्ताहात हे भारूड आजही होते. लोक आधी विंचवाला हसतात, मग गप्प होतात. दोन्ही व्हावे अशीच त्याची बांधणी आहे.

मग प्रश्न उरतो तो असा: अर्थाच्या बाबतीत इतकी मोकळीक घेणारा माणूस मूळ शब्दाशी कसा वागला? याचे उत्तर देणारा पुरावा सुदैवाने आहे. शके 1506 मध्ये, तारण संवत्सरी, म्हणजे 1584 साली, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. मूळ ग्रंथ शके 1212चा, म्हणजे 1290चा. तीन शतकांच्या नकलांनी पाठ बिघडले होते, आणि नाथांनी प्रती ताडून ते दुरुस्त केले. काम संपल्यावर त्यांनी जोडलेल्या ओव्यांत साल आहे, कारण आहे, आणि या पाठात यापुढे कुणी आपली ओवी घालू नये अशी कडक ताकीद आहे. मराठीतले हे पहिले नोंदलेले पाठसंशोधन. म्हणजे भावार्थ लावताना कैकेयीला अविद्या म्हणणारे नाथ अक्षराच्या बाबतीत एका ओवीचीही सूट द्यायला तयार नव्हते. अर्थ आत न्यायचा तर अक्षर बाहेर जागच्या जागी राहिले पाहिजे, अशी त्यांची शिस्त या दोन ग्रंथांतून दिसते.

ज्या ग्रंथासाठी ही शिस्त पाळली, त्यातही आतली वाट आहेच. ज्ञानेश्वरीच्या आरंभीच गणेशाची मूर्ती ग्रंथासारखी वाचली आहे: अकार हे चरण, उकार हे उदर, मकार हे मस्तक, अठरा पुराणे हे अलंकार, सहा दर्शने हे सहा हात, एका हातात तर्काचा परशू, एकात वेदान्ताचा मोदक. मूर्तीत शास्त्र पाहायचे, मग शास्त्रात स्वतःला पाहायचे, अशी ही तालीम आहे. सहाव्या अध्यायात गीतेच्या दोन-चार श्लोकांवर ज्ञानदेव नाथपंथाची कुंडलिनी उभी करतात, आणि श्लोकातले आसन बघता बघता शरीराच्या आत घडणाऱ्या प्रवासाचे वर्णन होते. तेराव्या अध्यायात तर गीताच सांगते की हे शरीर म्हणजे क्षेत्र. पहिल्या अध्यायातले कुरुक्षेत्र आणि तेराव्यातले हे शेत एकमेकांशेजारी ठेवले की रणांगण देहात आणण्याची सोय खुद्द ग्रंथातच सापडते. पुढच्या अनेक रूपकवाद्यांनी ती वापरली.

ही गोष्ट एकट्या मराठीची किंवा हिंदूंची मात्र नाही. पहिल्या शतकात अलेक्झांड्रियाचा यहुदी विचारवंत फिलो याने अब्राहमच्या स्थलांतरावर एक ग्रंथ लिहिला. देश, गोत आणि बापाचे घर सोडून निघ, ही देवाची आज्ञा फिलो आत वळवतो: देश म्हणजे देह, गोत म्हणजे इंद्रिये, घर म्हणजे वाणी, जीवाने या तिन्हींतून निघायचे आहे. पण त्याच ग्रंथात तो काही समकालीनांना फटकारतोही. आतला अर्थ कळला म्हणून ते शब्बाथ आणि सुंता यांचे बाहेरचे नियम सोडू लागले होते. फिलोचे म्हणणे असे की बाहेरचा अर्थ देहासारखा आणि आतला जीवासारखा. जीवाचे घर म्हणून देहाची निगा राखलीच पाहिजे. पैठणच्या नाथांनी हे वाचलेले असण्याची शक्यता नाही, पण त्यांचे वागणे तंतोतंत असेच होते.

इथवरच्या कागदपत्रांत एक गोष्ट सारखी आहे. ‘हे घडलेच नाही, हे फक्त मनाचे रूपक आहे’ असे वाक्य कुठेही नाही. आतला अर्थ कथेला जोड म्हणून येतो. तो कथेच्या जागी बसतो ते विसाव्या शतकात, आणि त्या काळातले बरेच महत्त्वाचे कागद तुरुंगांत लिहिले गेले.

पहिला कागद मंडालेचा. लोकमान्य टिळकांनी ‘गीतारहस्य’ 1910-11च्या हिवाळ्यात तिथल्या कैदेत पेन्सिलीने लिहिले. ग्रंथ 1915 साली छापून आला. टिळक रणांगणाला आत नेत नाहीत. भारतीय युद्ध झाले असेच ते धरतात, बहिरंग परीक्षणात ग्रंथांचे काळ ठरवण्यासाठी पाने खर्च करतात, आणि ‘कर्मजिज्ञासा’ प्रकरणात अर्जुनाशेजारी शेक्सपियरचे हॅम्लेट आणि कोरिओलेनस उभे करतात. दोन कर्तव्ये समोरासमोर आली की काय करावे, हा त्यांच्या मते गीतेचा प्रश्न. तो खऱ्या रणावर पडला तरच त्याला धार राहते.

दुसरा कागद महात्मा गांधींच्या ‘अनासक्तियोगा’ची प्रस्तावना, 24 जून 1929, कौसानी. पुस्तक प्रसिद्ध झाले 12 मार्च 1930ला, दांडीयात्रा निघाली त्याच दिवशी. प्रस्तावनेत गांधी सांगतात की 1888-89च्या सुमारास गीतेची पहिली ओळख झाली तेव्हाच त्यांना वाटले, हा इतिहासाचा ग्रंथ नव्हे. बाहेरच्या युद्धाच्या मिषाने माणसाच्या हृदयात अखंड चाललेल्या द्वंद्वाचे हे वर्णन आहे. पात्रे ऐतिहासिक असू शकतील एवढी सवलत ते देतात, पण व्यासांनी त्यांचा उपयोग धर्म सांगण्यासाठी केला, असे म्हणतात. हे नाथांहून वेगळे आहे. अहिंसा मानणाऱ्याला शस्त्र उचलायला सांगणारा कृष्ण कुठेतरी अडतो. युद्ध पुरते आत नेले की अडचण सुटते. गांधींच्या रूपकाला नीतीची निकड होती.

त्याच 1930 सालच्या मे महिन्यात गांधींना अटक झाली, सोलापूर पेटले, आणि शहरावर लष्करी कायदा आला. गांधी येरवड्यात होते. तिथून ते दर आठवड्याला आश्रमाला पत्र पाठवत. नोव्हेंबरपासून त्या पत्रांत गीतेचे अध्याय येऊ लागले, आणि पहिल्याच अध्यायाच्या पत्रात त्यांनी कौरव-पांडवांचा लढा माणसाच्या शरीरात आणला. त्यानंतर दोनेक महिन्यांनी, 12 जानेवारी 1931ला, सोलापूरचे मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन यांना याच येरवड्यात फाशी दिले गेले. गांधी त्यानंतर दोन आठवड्यांनी, 26 जानेवारीला सुटले. या दोन घटनांत कार्यकारण जोडण्याला आधार नाही, आणि जोडूही नये. पण सोलापूर जिल्ह्यात बसून ‘युद्ध आत आहे’ हे वाक्य वाचताना त्याच भिंतींमागे बाहेरचे युद्धही किंमत घेत होते, हे विसरता येत नाही.

तिसरा कागद धुळ्याचा. 21 फेब्रुवारी ते 19 जून 1932 या काळात विनोबांनी धुळे तुरुंगात दर रविवारी गीतेवर एक प्रवचन दिले, आणि साने गुरुजींनी ते उतरून घेतले. पंचांग उघडून मोजले तर या दोन तारखांत दोन्ही टोके धरून बरोबर अठरा रविवार भरतात. म्हणजे एकही आठवडा चुकला नाही. सोळाव्या अध्यायाचे प्रवचन त्या हिशेबाने 5 जूनला येते. दैवी संपत्तीच्या गुणांची यादी विनोबा सैन्यासारखी मांडतात. यादीत अभय पहिले आणि नम्रता शेवटची, म्हणून निर्भयता आघाडीला आणि नम्रता पिछाडीला; पुढून येणारा शत्रू भीतीचा, आणि विजय झाल्यावर मागून येणारा अहंकाराचा. गुणांचा क्रम हा श्लोकातल्या अक्षरांचाच क्रम आहे. विनोबांनी त्याला धक्का न लावता त्यातून व्यूह काढला. एका तुरुंगातल्या कैद्यांना याहून कामाचे काय सांगता आले असते? विनोबा गांधींचे शिष्य, पण वाचनाची पद्धत नाथांची.

पुढे जगात हा विचार आणखी टोकाला गेला. बार्बाडोसमध्ये जन्मून अमेरिकेत व्याख्याने देणारे नेव्हिल गॉडार्ड (1905–1972) सांगत की बायबल हा इतिहास नाहीच, ते माणसाच्या मनात चालणारे नाट्य आहे, आणि देव म्हणजे माणसाची कल्पनाशक्ती. तिथे बाहेरची कथा संपते, आणि तिच्याबरोबर दुसऱ्या माणसाचीही गरज संपते. सगळी पात्रे मीच. मनासारखे फळ मिळवण्याचे साधन म्हणून ग्रंथ वापरणे मग फार लांब राहत नाही.

मराठी कागदपत्रांतली आतली वाट त्या दिशेने जात नाही, आणि कारण त्या कागदपत्रांतच आहे. कैकेयी माझ्यातली अविद्या आहे, पण ती दशरथाची राणीही आहे. तिला तिचे म्हणणे आहे, तिचा मुलगा आहे, आणि तो मुलगा तिची बाजू घेत नाही. कथा टिकल्यामुळेच रूपकाला उत्तर द्यायला कुणीतरी समोर उरते. वाचणारा मनाला येईल तो अर्थ लावू लागला की ओवीचा क्रम त्याला अडवतो. एकनाथांनी 1584 साली ज्ञानेश्वरीत एक ओवी वाढवायला मनाई केली आणि पुढे रामायणाच्या प्रत्येक पात्राला मनात जागा दिली. ही दोन कामे एकाच शिस्तीची आहेत. पोथी लावणाऱ्या गावांनी ती शिस्त न शिकवता उचलली. तिथे आधी ओवी पुरी वाचतात आणि मग अर्थ सांगतात. अर्थ कितीही आत गेला तरी पुढची ओवी कथा जिथे थांबली होती तिथूनच सुरू होते.